सदोबाच्या मागचं हसू

“परत तोच सदोबा! कंटाळा कसा येत नाही हो तुम्हाला, बाबा?”

सौमित्र हे माझा आवाज कमी करायला वाकत पुटपुटला आणि नेहमीसारखा गॅलरीत निघून गेला. मित्रांनो, मी त्याच्या वडिलांचा, म्हणजे मोरेश्वर आजोबांचा, जुना टेपरेकॉर्डर आहे. टोकियोच्या निशी-कसाई भागात, सातव्या मजल्यावर, भाताच्या कुकरशेजारी माझी जागा.

जन्म माझा इथलाच, जपानमधल्या एका कारखान्यातला. तिथून मी आखातात गेलो आणि कुणा मामांच्या बॅगेतून पुण्याला आलो. तिथे आजोबांच्या बायकोने, दमयंती आजींनी, मला रविवारचं काम दिलं. टीव्हीवर लष्करी छावणीतली एक गमतीची मालिका लागायची. त्यातला शिपाई सदोबा भलताच भाबडा. हवालदार ओरडायचा, “मी सांगेपर्यंत हलायचं नाही!” आणि सांगायला विसरायचा. सदोबा आपला सकाळपर्यंत दवात ताठ उभा! वर म्हणायचा, “साहेब, तुम्ही विश्राम म्हणाला नाहीत.”

आजी मला टीव्हीसमोर स्टुलावर ठेवायच्या, रेकॉर्डचं बटण दाबायच्या आणि घरादाराला दम भरायच्या, “कुणी शिंकायचंसुद्धा नाही!” मग सदोबा तोंड उघडायचा आणि सगळ्यांत आधी आजींनाच हसू फुटायचं. माझ्या कॅसेटवर सदोबापेक्षा त्यांचं हसूच जास्त आहे. शेजारणी मुद्दाम ऐकायला यायच्या, माझ्या आवाजाचं कौतुक करायच्या. पुढे नवी यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. आजी गेल्या तेव्हाही मी कपाटातच होतो. मला कुणी सांगितलं नाही.

सौमित्र वडिलांना इकडे घेऊन आला, तेव्हा आजोबांनी मला स्वेटरमध्ये गुंडाळून आणलं. जन्मदेशी परतलो खरा, पण इथे मला ओळखणारं कुणी नाही. मला परदेशासाठी घडवलेलं, त्यामुळे इथल्या विजेशीही माझं जमत नाही, सेलवर जगतो. सौमित्र आणि सूनबाई केतकी ऑफिसला गेले की दिवसभर आजोबा आणि मी. आजोबा रोज तोच भाग लावतात. संध्याकाळी कुणी घरात असलं आणि ते हसू आलं, की सौमित्र उठतो, केतकी नळ मोठा सोडते. या घरात आजींचं नाव कुणी काढत नाही.

काल कॅसेटची फीत माझ्यात अडकली. सदोबा घोगरा होत होत गप्प झाला.

“संपलं! उद्या न जळणाऱ्या कचऱ्याचा वार आहेच,” सौमित्र म्हणाला (इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला असतो) आणि मला पिशवीत घालून त्याने दाराशी ठेवलं.

मित्रांनो, जुनं यंत्र पिशवीत घालण्याआधी त्याचं बटण एकदा दाबून बघा. आत कुणीतरी असू शकतं. माझं मागणं एवढंच.

आज सकाळी सौमित्र दाराशी आला, तर माझ्याशेजारी आजोबा उभे. कानटोपी घालून, ताठ.

“अहो बाबा, मालिकाच ना? मोबाईलवर शोधून देतो की.”

“ती मालिका मला कधीच आवडली नाही,” आजोबा म्हणाले.

केतकीने पिशवीची गाठ सोडली, अडकलेली फीत हलक्या हाताने काढली, कॅसेटमध्ये पेन्सिल घालून गुंडाळली आणि माझं बटण दाबलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. सदोबा बोलला. मागोमाग आजी हसल्या.

सौमित्र गॅलरीकडे वळला. दोन पावलं गेला, थांबला आणि परत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसला.

“ही आई आहे,” तो म्हणाला. “आई गेली, बाबा.”