बेटावरच्या पानांचा काढा

"बघ, तुझीच पानं," म्हणत ताईने पातेल्यावरचं झाकण बाजूला केलं. आत काळपट हिरवं पाणी उकळत होतं.

भावाने वास लगेच ओळखला. बेटावरच्या त्या झुडपाची पानं तो प्रयोगशाळेत वाळवायचा, कुटायचा, अर्क काढून बाटल्या भरायचा.

"कुठून आणलीस?"

"बोटवाल्याला सांगून ठेवलंय. कडू जहर आहे रे! पण तू म्हणालास म्हणून डोळे मिटून पिते."

"मी कधी म्हणालो?"

"वा! सगळे पाहुणे जमले होते तेव्हा नाही का? कॅन्सरच्या गाठीच्या पेशी एका रात्रीत खलास, म्हणून?"

त्याला आठवलं. चुलतभाऊ आपल्या बढतीचं सांगत सुटला होता आणि ह्यालाही राहवलं नव्हतं. काचेच्या ताटलीतल्या पेशी मेल्या होत्या, हे खरं. पण ताटलीत साबणाच्या पाण्यानेही पेशी मरतात, हे त्याने गिळून टाकलं होतं. पुढे तो अर्क तपासणीत बाद झाला, तेही घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आणि हॉस्पिटलच्या गोळ्या?"

ताई उगाच गॅस बारीक करत राहिली. "बंद केल्या. पोटात काही ठरायचंच नाही त्यांनी."

मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. ताईने गॅस बंद केला आणि पातेलं मोरीत उपडं केलं.

"आधी बोलायचंस ना," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. गाठ वाढली होती.

"गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

भावाने तोंड उघडलं, पण त्याआधीच ताई म्हणाली, "कोणी नाही हो. माझंच डोकं चाललं."

त्याने तोंड मिटलं. डॉक्टर नव्या गोळ्या लिहून देत होते तेव्हा बोलता आलं असतं. दारापाशीही आलं असतं.

बाहेर रक्त घ्यायला नर्सने ताईची बाही वर सारली. "सोबत कोण आलंय?"

"भाऊ आहे माझा." ताईचा चेहरा खुलला. "मोठ्या प्रयोगशाळेत असतो. औषधं शोधतात तिथे."

नर्स कौतुकाने हसली. ताईचा दुसरा हात त्याच्या हातात होता. तो सोडून निघून जावं असं त्याला वाटलं, पण सुई टोचताना ताईने डोळे मिटले आणि त्याची बोटं घट्ट आवळून धरली.