शिरेतलं प्लॅटिनम

"काय आहे गं त्या बाटलीत?" नर्स थेंबांचा वेग जुळवून पुढच्या खाटेकडे वळताच आत्याने विचारलं.

"प्लॅटिनम," भाची म्हणाली.

"बघा! जन्मात सोन्याचा धड मणी लाभला नाही, आणि आता प्लॅटिनम थेट शिरेत!"

भाचीला हसू आलं. आईबापांच्या मागे आत्यानेच तिला वाढवलं होतं, लोकांचे कपडे शिवून. आता ती विद्यापीठात धातूंच्या संयुगांवर पीएचडी करत होती. हेच औषध तिने कधीतरी वर्गात फळ्यावर काढलं होतं. मधोमध प्लॅटिनम, दोन क्लोरीन एका बाजूला. तेच समोरासमोर बसले की औषध कुचकामी. तेव्हा तिला ती आकृती फार देखणी वाटली होती.

पुढे आत्याच्या कानात रातकिडे किरकिरू लागले. मग दाराची बेल ऐकू येईना. डॉक्टर म्हणाले, औषधाचाच परिणाम. कान गेले, कॅन्सरची गाठ मात्र तसूभर हलली नाही. त्यांनी औषध थांबवलं.

"तू बनवतेस ते दे ना मला," आत्या म्हणाली. "तुझ्या हातचं कडू असलं तरी पिईन."

भाची तिच्या कानाशी वाकली. "ते अजून औषध नाही, आत्या. आधी बशीतल्या पेशींवर बघावं लागतं."

"मग बघ की. मी कुठे पळून चाललेय?"

भाचीचं संयुग रुथेनियमचं होतं, प्लॅटिनमच्याच कुळातल्या धातूचं. ते शुद्ध करता करता तिची बोटं सोलवटली. शेवटी चाचणीचा निकाल आला. तिच्या पीएचडीच्या सरांनी चष्मा काढला.

"रोगट पेशी मेल्या. निरोगी त्यांच्या आधी मेल्या." चष्मा पुसत ते म्हणाले, "पेपर होईल याचा. 'नाही' हेही उत्तरच असतं."

ती घरी आली तेव्हा आत्या उशीला टेकून तिच्या लॅबच्या कोटाला बटण लावत होती.

"झालं का गं औषध?" तिने नको इतक्या मोठ्याने विचारलं.

"नाही झालं, आत्या." तिच्या कानाशी न वाकताच भाची पुटपुटली.

"झालं?" आत्याचा चेहरा उजळला. "वाटलंच मला! माझ्या हाताखाली वाढलेली पोर, कच्ची शिवण घालेल होय?"

पुन्हा सांगायला भाची तिच्या कानाशी वाकणार होती. आत्याने दाताने दोरा तोडला, कोट झटकून तिच्यापुढे धरला. भाचीने पाठ वळवली आणि निमूटपणे एकेक हात बाहीत घातला.