पाचवं शील

“ती भात हातानेच खाते ना आपल्यासारखा? का चमचा आणू?” भगवानने विचारलं.

“पप्पा, श्रीलंकेची आहे ती, हातानेच खाते. तुम्ही आज फक्त नीट राहा,” दीप्ती म्हणाली.

नीट म्हणजे काय, हे कल्याणजवळच्या मोहने गावातल्या त्या दोन खोल्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. भगवान कामाला होता ती कंपनी बंद पडली, तो रिक्षा चालवू लागला आणि तेव्हापासूनच पिऊही लागला. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. रिक्षा लावायची, प्यायची आणि गुपचूप झोपायचं. रविवारी मात्र सकाळीच सुरुवात व्हायची, आणि आज नेमका रविवार होता.

दीप्ती ज्या खाजगी विद्यापीठात बीबीए करत होती, तिथे निम्मा वर्ग परदेशी: केनिया, नेपाळ, टांझानिया, कुठकुठली मुलं. धंदा शिकायचा तर आधी माणसं बघा, असं म्हणत मॅडमनी जोड्या लावल्या होत्या. जोडीदाराच्या घरी एक दिवस काढायचा आणि सोमवारी वर्गासमोर त्यावर बोलायचं. दीप्तीच्या वाट्याला श्रीलंकेतल्या कँडी शहराची नदीशा आली. वर्गात दीप्ती ‘कल्याणला राहते’ एवढंच सांगायची. आता घर, गल्ली आणि पप्पा सगळेच वर्गासमोर येणार होते.

नदीशा आली ती प्रश्न घेऊनच. दारात पाण्याचं पिंप कशाला, शेजारची बाई न विचारता आत कशी आली, बुद्धाशेजारचे निळ्या कोटातले हे कोण? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर भगवानने उभं राहून दिलं. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. इकडचं इंग्रजीत, तिकडचं मराठीत सांगता सांगता दीप्ती दमली. पप्पा शुद्धीत आहेत, यावर तिचा अजून विश्वास बसत नव्हता.

जेवणाआधी आईने, केशरबाईने, मेणबत्ती लावली. भगवानने वंदना सुरू केली आणि नदीशाने चमकून पाहिलं. लहानपणापासून ती म्हणत आली तेच पालीतले शब्द. चाल वेगळी होती, म्हणून आधी थोडी ओढाताण झाली, मग दोघांचं जमलं. पंचशीलातलं पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं, चौथं. आणि भगवान गप्प झाला.

तो नेहमीच इथे गप्प व्हायचा. मायलेकी त्याला मागे सोडून पुढचं म्हणायच्या. नदीशा मात्र थांबली. वडीलधाऱ्यांच्या आधी कसं म्हणायचं, म्हणून हात जोडून वाट पाहत राहिली.

“तिला सांग,” भगवान म्हणाला, “आत्ताच चौथं म्हटलं, खोटं बोलणार नाय म्हणून. मग दारू पिणार नाय, हे पाचवं मी कुठल्या तोंडाने म्हणू?”

पप्पांचा घसा बसलाय, असं सांगून दीप्तीला सुटता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण बापाकडे पाहिलं आणि लाज कुठल्या कुठे गेली, उलट त्याचा भलताच अभिमान वाटला. तिने जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

नदीशाने जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाली, तिचे वडील रोज पाचही शीलं म्हणतात, अगदी मोठ्याने. संध्याकाळी पितात. मग आई दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दीप्तीने ते मराठीत सांगितलं. भगवानने ऐकून घेतलं. त्याचे हात अजून जोडलेलेच होते.

“विचार तिला,” तो हळू आवाजात म्हणाला, “तिच्या बापाचं काय बंद पडलं?”