डिसेंबरातला दुपट्टा

सुशीलनं डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला, तोंडही झाकून घेतलं आणि फक्त डोळे उघडे ठेवले. नागपुरात ओळख लपवायची हीच रीत. मे महिन्यात उन्हापायी अख्खं शहर असंच फिरतं आणि सख्खा भाऊ भावाला ओळखत नाही. अडचण एवढीच की महिना डिसेंबरचा होता. लकडगंजात शिरल्यापासून जो तो त्याच्याकडे वळून पाहत होता.

त्याची बायको मिनल दिवाळीला माहेरी काटोलला गेली, ती आलीच नव्हती. काल फोनवर म्हणाली, "दारू सोडणाऱ्यांची सभा असते ना, तिथं जा. तिथूनच फोन करा. फोन आला तर संध्याकाळच्या बसमध्ये बसते. नाही तर इथंच नोकरी पाहते." नोकरीचं तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की सुशीलला ताबडतोब एक पेग घ्यावासा वाटला.

सभेचा पत्ता कृष्णकांत नावाच्या माणसानं फोनवर दिला होता. समाजभवन, मागचा जिना, वरची खोली. "बोर्ड नसतो. खाली कोणालाही विचारा." पण 'दारुड्यांची सभा कुठं आहे हो' असं विचारण्याची छाती असती तर दुपट्टा कशाला बांधला असता? सुशील मान खाली घालून गर्दीच्या मागोमाग समोरच्याच दारातून आत गेला. तिथं वधू-वर परिचय मेळावा होता. तसं दारावर बैलगाडीएवढ्या फलकावर लिहिलेलंही होतं. पण मान खाली घातलेल्या माणसाला फलकाचे फक्त बांबू दिसतात.

दारातल्या बाईनं त्याच्या मनगटाला अत्तर चोळलं आणि छातीवर बिल्ला टोचला. सुशीलला भरून आलं. दारुड्यांची इतकी बडदास्त! आत बघतो तर शेकडो लोक. पोरं कडक इस्त्रीत, घामाघूम, आणि प्रत्येकाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप. म्हणजे केस फारच हाताबाहेर गेलेली. पोरीसुद्धा होत्या, त्याही पैठणी नेसून. आपलं तर काहीच नाही, असं वाटून त्याला थोडं बरं वाटलं.

"पहिल्यांदाच काय?" शेजारच्या सौरव नावाच्या तरुणानं विचारलं.

"हो. अन् तुम्ही?"

"मी दरसाल येतो. जमतच नाही राजा."

दरसाल येऊन याचं जमत नाही, तर आपलं काय होणार? तेवढ्यात एका कार्यकर्त्यानं त्याला दंडाला धरून मंचावर नेलं, हातात माईक दिला आणि म्हणाला, "तोंड दाखवा ना भाऊ. चेहऱ्याशिवाय कसं जमन?"

सुशीलनं दुपट्टा सोडला. समोर पहिल्याच रांगेत चंपतराव बसले होते. मिनलचे सख्खे मामा. मुलीसाठी, काजलसाठी, स्थळ बघायला काटोलहून आलेले. सुशीलनं मागं वळून मंचावरचा पडदा वाचला: 'वधू-वर परिचय मेळावा'.

"जवाईबापू!" चंपतराव उभे राहिले. "मिनल जित्ती असून तुम्ही लग्नाले उभे राहून राहिले?"

मामांनी फोन कानाला लावला होता, तो काटोललाच लागत असणार. खरं बोललं तर दारुडा, गप्प बसलं तर दुसऱ्या लग्नाचा उमेदवार. दारुड्याची बायको परत येण्याची थोडी तरी आशा होती.

"मी दारू पितो," तो माईकमध्ये म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा फारच खणखणीत निघाला. "ती सोडायच्या सभेला आलो होतो. दार चुकलो."

मागून कोणीतरी म्हणालं, "निदान खरं तं बोलला!" आणि एका आईनं त्याच्या शिक्षणाची चौकशी केली.

"सभा? कुठी आहे सभा?" चंपतरावांचा विश्वास बसेना. "चला, दाखवा मले."

मागच्या जिन्यानं दोघं वर गेले. वरती छोटी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, गोल करून बसलेली मोजकी माणसं आणि चहाची किटली. कृष्णकांतनं दोघांनाही बसवलं. एकेकानं नाव सांगायचं होतं. खाली एवढ्या लोकांपुढं बोललेला सुशील इथं मात्र अडखळायला लागला. इथं कोणी हसणार नव्हतं, त्यामुळे जास्तच.

"मी सुशील. मी... मी दारुडा आहे."

"नमस्कार, सुशील," सगळे म्हणाले आणि चंपतरावांकडे वळले.

"मी चंपतराव. मी पीत नाही."

"नमस्कार, चंपतराव." आवाजात अपार माया.

"अहो, खरंच नाही पीत! सुपारीसुद्धा नाही खात!"

"सुरुवातीले मीही असंच म्हणत होती भाऊ," गोलात बसलेल्या कौसल्याबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला. "या असेच दर रविवारी."

चंपतरावांच्या कपाळावर घाम आला, कपबशी वाजायला लागली आणि सगळ्यांनी समजून माना हलवल्या. तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मिनल. त्यांनी तो घाईघाईनं सुशीलच्या हातात कोंबला.

"मामा, फोन काहून केला होता? कुठं आहा तुम्ही?"

"मी बोलतो," सुशील म्हणाला. "मामा चांगले आहेत. आम्ही सभेत आहो."

"दोघंही?"

खोलीतले सगळे चहा पिण्याचं नाटक करत ऐकत होते. सुशीलनं कान फोनवर इतका दाबला की दुखायला लागला.

"मी बसमध्ये बसते," मिनल शेवटी म्हणाली. "स्टँडवर या. तोंड उघडं ठेवून. वास घेईन मी."

लकडगंजातून स्टँडपर्यंत तीन बार लागतात, आणि सुशीलला तिन्हींचे वेटर नावानिशी ठाऊक होते. त्यानं दुपट्टा घडी करून मामांकडे दिला.

"मामाजी, सोबत येता काय?"

"येतो ना," चंपतराव हळूच म्हणाले. "मले इथं एकटं नका सोडू बाप्पा."