उंबरठ्यावरची निळी केबल

"बाबा, हिला करकचून वळवू नका हं. आत बारीक तारा असतात, दुखावतील."

तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. मित्रांनो, मी एक जुनी निळी केबल आहे. बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत, एवढाच माझा मुलूख. कारखान्यात तांब्याच्या तारांच्या जोड्यांना पीळ घालून वर निळं कवच चढवलं, तेव्हा माझा जन्म झाला. पण मला ठावठिकाणा दिला तो सुतारकाकांनी आणि त्यांच्या लेकीने. ती वाट दाखवी, ते भिंतीच्या कडेने मला बसवत जात. आतल्या खोलीच्या दाराशी आल्यावर काम थांबलं. ते दार काकांनी स्वतः घडवलेलं. चौकटीत असं नेमकं बसे, की कागद सरकायला जागा नाही. "आज उंबरठ्यावरून जाऊ दे. उद्या चौकटीला भोक पाडतो," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी लेकीने सांगितलं, की तिला परदेशी नोकरी लागलीय आणि ती जाणार आहे. काकांनी अबोला धरला. ती निघाली त्या दिवशी तर ते कुठे दिसलेसुद्धा नाहीत. भोक पाडायचं राहिलं ते राहिलंच.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. दर रविवारी माझ्यातून लेकीचा चेहरा घरी येई आणि आई पडद्यावरूनच तिच्या गालावर हात फिरवी. काका मात्र टीव्ही मोठा करून म्हणत, "दार लावून बोल." दार लागे आणि मी उंबरठ्यावर चेंगरे. दार लागलं की काका टीव्हीचा आवाज अगदी बारीक करत आणि दाराला कान लावून उभे राहत. आईला हे ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण मी दाराच्या दोन्ही बाजूंना होते.

होता होता माझ्या आतल्या तारा दुबळ्या झाल्या. चित्र गोठे, शब्द तुटे. इकडचं तिकडे जाईना, तिकडचं इकडे येईना. इंटरनेटच्या कंपनीने राउटर बदलला आणि एवढ्या लांब बोलायचं म्हणजे असं होणारच, असं सांगून टाकलं. शेवटी एका रविवारी लेक थकून म्हणाली, "आई, अर्धंच कळतं गं. यापुढे नुसते मेसेज करत जाऊ." आई "बरं" म्हणाली आणि काळ्या पडद्यासमोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी काकांनीच, कुणाला न सांगता, नेटवर्क दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावून आणलं. बाईंनी समजावलं, की आपलं बोलणं बारीक बारीक पुड्या बांधून पाठवलं जातं. वाटेत काही पुड्या हरवल्या, की त्याला पॅकेट लॉस म्हणतात. त्यांनी आधी घरातलीच वाट तपासली. कॉम्प्युटरवरून राउटरकडे पुड्या पाठवल्या, सगळ्या पोचल्या. बाई बुचकळ्यात पडल्या. मग आईला म्हणाल्या, "तुम्ही रविवारी बसता ना, अगदी तशाच बसा."

आई उठली, सवयीने दार लावलं आणि खुर्चीत बसली. लगेच पुड्या गळू लागल्या. बाईंनी दार उघडलं, पुड्या पोचल्या. लावलं, पुन्हा गळल्या.

"समुद्राला कशाला बोल लावायचा, काकू? तुमचं बोलणं उंबरठासुद्धा ओलांडत नाहीये. दूर काही हरवत नाही, घरातच हरवतंय." ही केबल बदला आणि तोवर दार उघडं ठेवा, एवढं सांगून त्या गेल्या. काका कितीतरी वेळ आपण घडवलेल्या दाराकडे बघत राहिले.

मित्रांनो, आमचं दुखणं वरून दिसत नाही. कवच निळंच राहतं, आत तार तुटत असते. म्हणून आम्हाला दुमडू नका, दारात चेंगरू नका. आणि बोलणं तुटायला लागलं, तर आधी जवळ वाकून बघा. आता माझ्या जागी नवी केबल येईल. तिच्यासाठी काकांनी चौकटीला भोकही पाडून ठेवलंय. मला त्याचं वाईट वाटत नाही. कारण शेवटचा रविवार माझ्या वाट्याला आला.

त्या दिवशी आईने लेकीला गळ घातली, एकदाच बोलू म्हणाली. दार उघडं होतं आणि टीव्ही बंद.

"आज किती स्वच्छ ऐकू येतंय, आई. बाबांनी दार लावायला नाही सांगितलं?"

काका उठले, उंबरठ्यापाशी आले आणि माझ्यावर पाय पडू न देता आत आले.

"बाबा?"

बराच वेळ माझ्यातून नुसती शांतता वाहत राहिली. तीही पुरती पोचली.

"तू निघालीस तेव्हा मी गच्चीवर होतो," काका म्हणाले. "तुझी गाडी वळेपर्यंत बघत होतो. हाक मारली असती तर तू थांबली असतीस गं. म्हणून नाही मारली."