गुरुवारचं कस्टर्ड

"आई, कावळा नाही येतोय. पिजन चालेल का? ती पण बर्डच आहे ना?" समरने मागच्या दारातून विचारलं.

"गप रे," नंदाताई म्हणाल्या.

नॉटिंगहॅमच्या घरामागच्या त्या टीचभर गार्डनमध्ये कमलाकररावांचा दहावा चालला होता. गुरुजी लेस्टरहून फोनवर मंत्र सांगून मोकळे झाले होते. भात, वरण, वडा, खीर सगळं कुंपणालगतच्या स्टुलावर मांडून घरची माणसं दाराआड उभी होती. शेजारच्या छपरावर दोन कावळे होते. एरवी कचऱ्याच्या बिनमधल्या पिशव्या फाडून उच्छाद मांडणारे मेले, आज सोवळं नेसल्यासारखे लांब बसले होते.

समरने हात जोडले. "बाबा, मी आईला बघणार. प्रॉमिस." सून अनुया म्हणाली, "बाबा, कसली काळजी करू नका." कावळे ढिम्म हलेनात.

काय अडलंय ते नंदाताईंना पक्कं ठाऊक होतं. त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या, एवढंच.

कमलाकररावांनी उभा जन्म बसच्या गॅरेजात काढला. इंजिनं उघडायची, दुरुस्त करायची, हात घासून घासून धुवायचे आणि घरी यायचं. दारू नाही, सिगारेट नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. वेड एकच, पार्कातल्या कीथच्या स्टॉलवरचं फ्रोझन कस्टर्ड. कुणी त्याला आइस्क्रीम म्हटलं की त्यांना राग यायचा. "आइस्क्रीम नव्हे हो! आपली बासुंदी इथल्या थंडीत कुडकुडली तर अशी लागेल," असं पाहुण्यांना ओढून नेऊन सांगायचे.

मग शुगर निघाली. नंदाताई हॉस्पिटलच्या वॉर्डात पेशंटांची बोटं टोचून रिटायर झालेल्या. घरात त्यांचाच हुकूम सुरू झाला. कस्टर्ड बंद म्हणजे बंद. आणि तरी दर शुक्रवारी सकाळी आकडा वर! गुरुवारी दुपारी हे पार्कात फिरायला जाणार आणि शुक्रवारी शुगर चढणार. आणखी काय पुरावा हवा?

"खरं सांगा, काल खाल्लंत ना?"

"नाही गं."

"मग ही काय हवेतून आली?"

"शपथ सांगतो. मी नुसता बसून येतो."

"कस्टर्डच्या स्टॉलपुढे नुसते बसून येता? मला काय दूधखुळी समजता?"

पुढेपुढे त्यांनी उत्तर देणंच सोडलं. सकाळी मुकाट्याने बोट पुढे करायचे. मागच्या महिन्यात मात्र म्हणाले होते, "एका रविवारी दोघं जाऊ या का? एकच कप घेऊ. अर्धा तुझा."

"शुगर खाली आली की बघू," नंदाताईंनी तोडून टाकलं होतं. शुगर खाली आली नाही. हार्टने मध्येच दगा दिला. एक कप, नंदे, एक कप गेला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? हे त्या तेव्हापासून स्वतःला विचारत होत्या.

त्यांनी साडीवर कोट चढवला.

"आई, आता कुठे?" समर म्हणाला.

"त्यांचं कस्टर्ड आणते."

"पण त्यात अंडं असतं," अनुया दबकत म्हणाली. "आजच्या दिवशी चालेल?"

"चालेल. नको म्हणायला जन्मभर मी होतेच ना!" असं म्हणून त्या निघाल्यासुद्धा.

पार्क कोपऱ्यावरच होता. पांढऱ्या मिशांचा कीथ काउंटर पुसत होता. नंदाताईंना बघून खुलला. "अरे वा, शेवटी आलात! कॅम कुठे आहे?"

नंदाताईंनी कमलाकरराव गेल्याचं सांगितलं. कीथने डोक्यावरची टोपी काढली.

"दर गुरुवारी यायचा," मग तो म्हणाला. "काळा चहा, बिनसाखरेचा. त्या बाकावर बसायचा."

"आणि कस्टर्ड?"

"छे! मी म्हणायचो, कॅम, चमचाभर घे, माझ्याकडून. तर असे हात जोडायचा. म्हणायचा, बायको नको म्हणाली आहे. एका रविवारी तिला घेऊन येईन, तेव्हा."

"एकदासुद्धा नाही खाल्लं?"

"एकदासुद्धा नाही."

नंदाताईंनी काउंटर घट्ट धरला. मग शुक्रवारची शुगर?

गुरुवार. गुरुवारचा उपास. त्यांच्याच हातची साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. "पोटभर खा हो, उपाशी राहू नका," म्हणत त्याच तर आग्रहाने वाढायच्या. वॉर्डातल्या गोऱ्या बायांना बटाटा कमी खा म्हणून बजावणारी नंदा, पण उपासाचं खाणं तिला कधी खाणं वाटलंच नाही. देवाचं ते, त्याने कसली शुगर वाढतेय!

"अगं बाई गं," त्या पुटपुटल्या. "आणि मी त्यांना खोटं ठरवलं."

कीथने भरून दिलेला कप घेऊन त्या कमलाकररावांच्या बाकापाशी गेल्या. घरी न्यायचं होतं, पण तिथेच टेकल्या. कप त्यांनी बाकाच्या टोकाला ठेवला आणि शेजारी माणूस बसलेला असावा तशा त्या बोलल्या.

"अहो, तुम्ही खरं बोलत होतात. खाल्लं नव्हतंत तुम्ही. माझ्या हातूनच व्हायचं ते सगळं." त्यांना हुंदका आवरेना. "पटलं मला. उशिरा पटलं, पण पटलं."

कस्टर्ड कडेने विरघळू लागलं. पलीकडच्या बिनवरून एक कावळा टुणकन बाकाच्या पाठीवर आला. मान तिरकी करून त्याने नंदाताईंकडे पाहिलं आणि कपात चोच घातली.

"हे! शू!" गिऱ्हाइकाचा कप कावळ्याने पळवायचा, हे कीथला जन्मात खपलं नव्हतं. तो फडकं उगारत धावत आला.

नंदाताईंनी हात वर केला.

"खाऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

कीथला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो थांबला, आणि फडकं हळूच खाली घेऊन तिथेच उभा राहिला.