रत्नाबाईंची दुपारची झोप

नेमगोंडांचं हृदय थकलंय असं डॉक्टर उपाध्यांनी सांगितलं, तेव्हापासून रत्नाबाईंची रात्रीची झोप गेली. मंगळवार पेठेत नेमगोंडांचं भांड्यांचं छोटं दुकान होतं. आहेराच्या भांड्यांवर नावं घालण्यात त्यांचा हात धरणारा पेठेत दुसरा कुणी नव्हता. माणूस अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. पण त्या दुखण्यानंतर झोपेत त्यांचा श्वास भलताच चालू लागला. आधी हलका, मग मोठा, मग भाता ओढल्यासारखा. आणि तसाच उतरत उतरत जाऊन थांबायचा. पार थांबायचा. रत्नाबाई अंथरुणात उठून बसायच्या आणि मनात आकडे मोजायच्या. पंधरा, वीस, कधी पंचवीस. आता हलवावंच म्हणून हात पुढं करावा, तोवर नेमगोंडा मोठा उसासा टाकून पुन्हा श्वास घ्यायला लागत.

सकाळी म्हणत, "झ्याक झोप लागली बग आज."

रत्नाबाईंनी हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर नेमगोंडांचे जुने स्नेही. हातातलं पेन खाली ठेवून त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"वहिनी, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. झोपलेल्या माणसाला स्वतःला याचा पत्ता नसतो."

दीड वर्ष रत्नाबाई अशा जागल्या. आणि एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर नेमगोंडा गेले ते भर दुपारी, दुकानात, टक्क जागेपणी, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. रत्नाबाई तेव्हा घरी जागरण भरून काढायला आडव्या झाल्या होत्या. दार वाजलं तेव्हा त्यांना गाढ झोप लागली होती. हे त्यांनी पुढं कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर घर फार शांत झालं. दुकान दिराच्या मुलानं घेतलं. एकुलती मुलगी पद्मावती चंदगडला, जावई एस.टी. डेपोत कारकून. ती बाराव्याला आली, महिनाभर राहिली आणि मुलांच्या शाळेसाठी परत गेली. जाताना म्हणाली, "अव्वा, चल की माझ्याकडं." रत्नाबाईंनी तिकडच्या पावसाचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे जावयाच्या दोन खोल्यांत आपलं अंथरूण कुठं घालायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

दोन वर्षांनी त्यांचेच पाय सुजू लागले. जिना चढताना मध्येच थांबावं लागे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली आणि ती उजेडाकडं धरून पाहिली. मग म्हणाले, "वहिनी, तुमचंही हृदय कमी पडतंय."

गोळ्या सुरू झाल्या. सूज थोडी उतरली. पण झोपेचं काही खरं नव्हतं. डोळा लागायचा, दचकून जाग यायची. पुन्हा लागायचा, पुन्हा जाग. सकाळी डोकं जड. देवळात पूजेला बसलं तरी डुलकी यायची, आणि बाकीच्या बायका एकमेकींकडं बघायच्या.

"झोप लागत न्हाय," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "दिवसभर अंगातनं जीव गेल्यागत वाटतंय."

"दीड वर्षाची सवय आहे ती," डॉक्टर मायेनं म्हणाले. "त्यात एकटेपणा. ह्या वयात बायकांना असं होतंच." त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली.

गोळीनं झोप लागली, पण सकाळ आणखी जड झाली. एकदा तोंड धुताना रत्नाबाईंना भोवळ आली आणि त्या मोरीच्या कठड्यावर टेकल्या. तिथं बसल्या बसल्या एकदम मनात आलं, नेमगोंडांना तरी कुठं माहीत होतं? त्यांचं मी बघत होतो. माझं कोण बघणार?

हा प्रश्न त्यांनी चार दिवस तसाच पोटात ठेवला. मुलीला पत्र लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. माणूस आजारी पडला तर बोलवता येतं, जेवायला बोलवता येतं. पण मी झोपतो, तू माझ्याकडं बघत बस, असं कुणाला कसं म्हणायचं?

खाली राहणारी जरीना साड्यांना फॉल लावायची. तिचा नवरा फक्रुद्दीन गॅरेजात कामाला. सुईत दोरा ओवायला ती कधी कधी उजेडासाठी रत्नाबाईंच्या गच्चीत येऊन बसायची. पाचव्या दिवशी रत्नाबाई तिला म्हणाल्या, "जरीना, दुपारचं माझ्याजवळ बसशील व्हय? मी जरा पडतो."

"भ्या वाटतंय काय, अक्का?"

"भ्या न्हाय. मी झोपल्यावर माझा श्वास कसा चालतोय तेवढं बग."

जरीनानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. हसली नाही. "येतो की," म्हणाली. "शिलाई काय, हितंबी हुईल."

पहिल्या दुपारी रत्नाबाईंना झोप आलीच नाही. कुणीतरी आपल्याकडं बघतंय म्हटल्यावर पापण्या मिटेनात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जरीना शिवता शिवता आपल्या सासूच्या कागाळ्या सांगत होती. फक्रुद्दीनच्या शर्टावरून झालेलं भांडण रंगात आलं होतं, आणि त्यात रत्नाबाईंचा डोळा कधी लागला ते त्यांना कळलं नाही.

जाग आली ती कुणीतरी दंड गदागदा हलवल्यामुळं. जरीनाचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिवायला घेतलेली साडी जमिनीवर पडली होती.

"अक्का! तुमी गेलता की ओ!"

"काय झालं?"

"श्वासच बंद! आधी धापा टाकल्यागत मोठा मोठा झाला, मग बारीक बारीक, मग काईच न्हाय. मी म्हटलं आता येईल, मग येईल. तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी कलमाच म्हणाय लागलो!" तिला रडू आवरेना. "आणि तुमास्नी काईच कसं ठावं न्हाय?"

रत्नाबाई उठून बसल्या. घाबरायला हवं होतं, पण पहिल्यांदा वाटलं ते वेगळंच. नेमगोंडा गेल्यापासूनच्या अडीच वर्षांत आजच कुणीतरी आपल्यासाठी श्वास रोखून बसलं होतं. त्यांनी जरीनाचा हात धरला आणि तिचं रडं थांबेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. जरीनानं बुरख्याचा पडदा मागं टाकून, हातवारे करून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "मोठा होत होत मग थांबला? घोरणं नव्हतं?"

"अजिबात न्हाय. घोरल्या असत्या तर खालनं आमालाच ऐकू आलं असतं."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "तीस वर्षांत असा श्वास मी पुरुषांतच पाहिला. पुस्तकातही पुरुषांतच जास्त म्हणून लिहिलंय, आणि ते खोटं नसावं. पण मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलंच नाही."

"तुमी तरी काय करणार," रत्नाबाई म्हणाल्या. "पुरुषासंगं बायको येती सांगायला. विधवा बाई आली की ती एकटीच येती. ती जागी असतानाचं सांगणार, झोपेतलं कुठनं सांगणार?"

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. झोपेची गोळी बंद केली, लघवीची गोळी वाढवली, मीठ आणखी कमी करायला सांगितलं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा घालायला लावल्या. विटा फक्रुद्दीननं आणून ठेवल्या.

पंधरा दिवसांत सकाळ हलकी झाली. जरीना अधूनमधून दुपारी यायची आणि सांगायची, "आज एकदाच थांबला. त्योबी थोडा." पार गेलं नाही; जाणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण रत्नाबाई जिना न थांबता चढू लागल्या.

उन्हाळ्यात फक्रुद्दीनला इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात फिटरचं काम लागलं. टेम्पोत सामान चढलं, सगळ्यात वर शिलाई मशीन. जरीना म्हणाली, "अक्का, पत्र टाकतो." तिला लिहिता येत नव्हतं. रत्नाबाई "टाक की" म्हणाल्या आणि टेम्पो वळेपर्यंत उभ्या राहिल्या. खालच्या खोलीला कुलूप लागलं.

पावसाळा निम्मा झाला असेल. एक दिवस डॉक्टर तपासता तपासता म्हणाले, "वहिनी, एक काम सांगू का? दवाखान्यात बायकांच्या खोलीत गगनबावड्याची एक बाई आहे, बयाबाई. हृदयाचंच दुखणं. भातलावणीची घाई म्हणून माणसं तिला सोडून गावी गेलीत. ती पण झोप लागत नाही म्हणते. नर्सला एकीपाशी बसायला सवड नाही."

रत्नाबाई तेव्हाच उठून तिकडं गेल्या. बयाबाई कुशीवर झोपली होती. हातापायाच्या काड्या, अंगात फिकट हिरवी चोळी. रत्नाबाई स्टुलावर बसल्या आणि ऐकू लागल्या. चांगला अर्धा तास ऐकलं. श्वास सरळ चालला होता, एका लयीत, कुठं वाढत नव्हता, थांबत नव्हता. त्यांना हायसं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला.

थोड्या वेळानं बयाबाईनं डोळे उघडले. "कुणाकडं आलाय, पावणं?"

"तुमच्याकडंच."

"मी वळकत न्हाय तुमास्नी."

"मीबी न्हाय वळकत."

बयाबाईनं वर छताकडं पाहिलं, मग दाराकडं. "चार दिस झालं, कोण आलं न्हाय," ती म्हणाली. "झोप कशी लागंल? आपली माणसं येतील आन् मी झोपल्याली बगून परत जातील, असं वाटतंय."

रत्नाबाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. बाहेर पाऊस वाढला होता आणि त्यांनी छत्री आणली नव्हती.

"मी हाय बसल्याली," त्या म्हणाल्या. "कोण आलं तर उठवतो. पडा तुमी."